व्हायरस लागलेल्या द्राक्षवेलीला मायकोरायझा द्यायचा का? नवीन बागवाल्यांसाठी

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतल्या पाच-सहा जणांनी द्राक्ष लावलीये. नोकरी खराडी नाहीतर हिंजवडीला, आणि शनिवारी पहाटे गाडी काढून जुन्नर, बारामती, इंदापूर, जिथं कुठं घरचा एक-दीड एकर असेल तिकडं. आणि सगळ्यांचा फोन साधारण एकाच टाइपचा येतो, की अरे पानं लाल झालीत, कडा वळल्यात, कुणीतरी म्हणालं व्हायरस आहे, दुकानदार म्हणतो मायकोरायझाचं पाकीट सोडा ड्रीपमधून, वेल बरी होईल. हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो म्हणजे दर वेळी अर्धा तास फोनवर जायला नको.

उत्तर आधीच सांगतो, बरी होत नाही. लागलेल्या वेलीतून व्हायरस काढून टाकेल असं शेतात मारायचं औषध नाहीच, आणि मायकोरायझा तर मुळात औषधच नाही, ती मुळांसोबत जगणारी एक बुरशी आहे. पण मग त्यानं काहीच होत नाही का, तर तसंही नाही, बरंच काही होतं, आणि खरा घोळ तिथंच आहे. नारायणगावच्या बाजूला माझ्या मामाची बाग आहे, तिथं हा घोळ मी स्वतःच्या हातानं घातलाय, पुढं सांगतोच.

ही बुरशी करते काय

द्राक्षवाल्याला बुरशी म्हटलं की भुरी आठवते आणि हात पंपाकडं जातो. ही तसली नाही. आपल्याकडं हिला मायकोरायझा म्हणतात, जुने लोक व्हॅम म्हणतात, पाकिटावर बहुतेक वेळा ग्लोमस किंवा रायझोफॅगस असं नाव असतं. ही मुळाच्या आत शिरते, पेशीत झाडासारख्या बारीक फांद्या फुटतात तिच्या, आणि बाहेरच्या बाजूला तिचे धागे मातीत काही सेंटीमीटर लांब जातात. आता स्फुरद (फॉस्फरस) ही गोष्ट अशी आहे की ती जमिनीत जागची हलत नाही, मुळाच्या आजूबाजूचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा मुळानं खाऊन संपवला की पुढचा स्फुरद दिसतोय पण हाताला लागत नाही अशी गत. तिथं हे धागे उपयोगी पडतात, ते लांबून स्फुरद, जस्त, तांबं आणून देतात, पाण्यालाही थोडी मदत होते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद आणखीच अडकून बसतो त्यामुळे हा धंदा आपल्याकडं चांगला चालतो.

फुकट मात्र काही नाही. वेल पानात जी साखर तयार करते त्यातला साधारण ४ ते २० टक्के हिस्सा ही बुरशी घेते. आणि ती मुळाशिवाय वाढूच शकत नाही, ट्रायकोडर्मा नावाच्या दुसऱ्या उपयोगी बुरशीसारखी गूळ-पाण्यात घरी वाढवायची नाही ही, कुणी व्हिडिओत ड्रममध्ये मायकोरायझा मल्टिप्लाय करून दाखवत असेल तर तो व्हिडिओ बंद करा.

आणि व्हायरस काय करतो

द्राक्षावर व्हायरस बरेच आहेत पण नवीन माणसानं एक नीट ओळखावा, लीफरोल. त्याचे बरेच प्रकार, त्यातला नंबर ३ जगभर सगळ्यात जास्त त्रास देणारा, आणि महाराष्ट्रातल्या बागांत तो सापडलेला आहे. हा वेलीच्या अन्नवाहिनीत राहतो. पानात साखर तयार होते पण खाली उतरत नाही, तुंबते. म्हणून पान जाड, कडक होतं, चुरगाळलं तर मोडल्यासारखं वाटतं, कडा खाली वळतात, उपडा ठेवलेला द्रोण असतो ना तसं. शरद सीडलेस, जम्बो असल्या काळ्या वाणांत शिरांच्या मधला भाग लाल-जांभळा होतो आणि शिरा हिरव्याच राहतात, हे एकदा बघितलं की विसरत नाही. थॉम्पसनसारख्या पांढऱ्या वाणात मात्र नुसतं फिकट पिवळं, कधी कधी तेही नाही. मण्यात साखर उशिरा भरते, रंग नीट येत नाही, माल काढायला आलाय आणि ब्रिक्स (मण्यातल्या साखरेचा आकडा) अडकलाय.

आता दोन्ही गोष्टी एकत्र धरा. बुरशी जगते मुळाकडं उतरणाऱ्या साखरेवर आणि व्हायरस तीच वाट अडवतो. म्हणजे आजारी वेलीकडं भाडं द्यायलाच पैसे कमी, आणि आपण घरात अजून एक भाडेकरू आणून ठेवतोय. तरी बहुतेक वेळा सौदा फायद्यात जातो, कारण बुरशी जे आणून देते त्यानं पान जास्त काम करायला लागतं. क्रोएशियातल्या संशोधकांचं २०२३ सालचं काम आहे, लीफरोल-३ आणि आणखी दोन व्हायरस असलेल्या वेलींना त्यांनी मायकोरायझा देऊन पानांचं प्रकाशसंश्लेषण मोजलं, तर व्हायरसनं पानांचं जे नुकसान केलं होतं ते बुरशीनं बऱ्यापैकी हलकं केलं. व्हायरस गेला असं नाही, वेल त्याच्यासकट बरी चालायला लागली.

दुसरं काम फ्रान्समधलं, २०१२ चं, मला हे जास्त आवडतं. फॅनलीफ नावाचा व्हायरस जमिनीतल्या एका सूत्रकृमीतून (मुळांवर जगणाऱ्या बारीक जंतातून) पसरतो, हे कॅलिफोर्नियात १९५८ सालीच दाखवलं गेलंय. फ्रान्सवाल्यांनी एसओ४ नावाच्या खुंटाच्या (ज्याच्यावर वरच्या वाणाचं कलम करतात त्या खालच्या वेलीच्या) मुळांवर मायकोरायझा बसवून तो सूत्रकृमी सोडला, तर मुळावरच्या गाठीही कमी आणि सूत्रकृमींची पैदासही कमी. गंमत म्हणजे एकाच रोपाची मुळं दोन भागांत वाटून फक्त एका बाजूला बुरशी दिली तरी दुसऱ्या बाजूलाही थोडं संरक्षण मिळालं, म्हणजे झाड आतून सावध होतं. पण इथंही बघा, मदत झाली ती व्हायरस आणणाऱ्याला अडवण्यात.

आणि पाकिटावर कधीच न छापली जाणारी बाजू पण ऐका. १९७३ सालचा प्रयोग आहे, टोमॅटो, पेटुनिया आणि स्ट्रॉबेरीवरचा, त्यात मायकोरायझावाल्या रोपांत व्हायरस उलट जास्त वाढला. कारण सरळ आहे, स्फुरद मिळून पेशी धडधाकट झाल्या आणि व्हायरसला आपल्या कॉप्या काढायला तशाच पेशी लागतात. पुढं दुसऱ्या पिकांत उलटे निकालही आलेत. तेव्हा बुरशी, झाड आणि व्हायरस या तिघांचं जमतं कसं ते जोडीनुसार बदलतं, एका ठिकाणचा निकाल उचलून दुसरीकडं चिकटवता येत नाही.

मी काय करून बसलो

मामाच्या बागेत पंपाच्या खोलीजवळ शरद सीडलेसच्या तीन वेली होत्या, दरवर्षी पानं लाल. मी नवीन नवीन वाचलेलं, जूनमध्ये पहिल्या पावसावर तिघींच्या मुळाशी मायकोरायझा घातला, वर शेणखत, वर पाचट. त्या पावसाळ्यात खरंच फरक दिसला, फूट चांगली, पानं हिरवी, काडी मस्त पेन्सिलीएवढी जाड. मी पुण्यात, मामा तिथं. सप्टेंबरमध्ये शेजारच्या पट्ट्यात डॉगरिजच्या खुंटावर कलमं करायची होती, काड्या कमी पडल्या, मामानं बघितलं या तीन वेलींच्या काड्या सगळ्यात छान आहेत, घेतल्या. फोनवर मला म्हणतो, "तुझ्या औषधानं सुधारल्या रे, त्यांच्याच काड्या वापरल्या."

मी पण खूश झालो. तेव्हा काही कळलंच नाही.

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात बावीस रोपं लाल. टेस्ट केली तर लीफरोल-३. आजारी वेल नुसती आजारी दिसत होती तोपर्यंत तिच्या काडीला कुणी हात लावला नसता, मी तिला गोरीगोमटी केली आणि बावीस घरी धाडली. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम असा आहे, मायकोरायझा बराच नंतर येतो.

पायरी पहिली, खात्री करा

लाल पान म्हणजे व्हायरसच असं नसतं. पोटॅशची (पालाशची) कमतरता, खोडाला इजा, तुडतुडे, कशानंही पान लाल होतं. मोघम ओळख अशी की पालाश कमी असेल तर करपा कडेपासून आत येतो आणि शिरा काही वेगळ्या हिरव्या उठून दिसत नाहीत. पण नुसत्या डोळ्यावर जाऊ नका, लॅबमधून एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही व्हायरसची टेस्ट करून घ्या. सॅम्पल देताना शेंड्याचं कोवळं पान नको, काडीच्या बुडाकडची जुनी पानं देठासकट द्यायची, व्हायरस तिथं जास्त सापडतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधीचे दिवस यासाठी चांगले, छाटणी करून टाकली की ती पानं गेली. पुण्यात असाल तर मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून, हडपसरच्या पुढं. आधी फोन करा, काय, कसं, किती सॅम्पल आणायचं विचारा आणि मग जा, रविवारी जाऊन गेटवरून परत आलेले लोक मला माहितीयेत.

खुंटाचं एक लक्षात ठेवा, डॉगरिज, ११०आर असले खुंट व्हायरस पोटात घेऊन अगदी निरोगी दिसू शकतात. कलम केल्यावर वरच्या वाणात लक्षणं दिसली तर दर वेळी काडीच दोषी असते असं नाही.

पायरी दुसरी, लाल पट्टी

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक वेलीच्या खोडाला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारा, आजच, कात्रीला हात लावायच्या आधी. सुतळी, रिबन नको, खरड छाटणीत मजूर ती कापून टाकतात. वहीत ओळ नंबर, वेल नंबर, तारीख. आणि घरात जो कोणी काड्या निवडतो त्याला त्या ओळीत उभं करून दाखवा, फोनवर सांगितलेलं पुरत नाही हे मी बावीस रोपं घालवून शिकलोय. लाल पट्ट्याच्या वेलीची काडी कलमाला नाही, शेजाऱ्याला नाही, कुंडीत लावायला बहिणीला पण नाही.

कात्रीनं लीफरोल पसरतो म्हणून बरेच लोक घाबरतात, तो तसा पसरत नाही. पसरतो काडीतून, कलमातून आणि मिलीबगमधून (पिठ्या ढेकणातून).

पायरी तिसरी, मिलीबग

हे मायकोरायझापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कंटाळवाणं. मिलीबगची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं व्हायरस सगळ्यात चांगली नेतात, डोळ्याला धड दिसतही नाहीत, वाऱ्यावर, कपड्यावर, मजुराच्या टोपीवर बसून पुढच्या ओळीत जातात. खोडाची सुटलेली साल काढून बघा, ओलांड्याच्या (तारेवर आडव्या नेलेल्या फांदीच्या) खाली, कांड्यांच्या खाचेत. मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की समजा वर माल आहे, मिलीबग जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, आधी मुंग्यांचा बंदोबस्त. आणि लाल पट्ट्याच्या ओळीत काम सगळ्यात शेवटी, तिथून निरोगी ओळीत यायचं नाही.

पायरी चौथी, आता मायकोरायझा, पण कुणाला?

माझं मत स्पष्ट आहे. पहिला हक्क नवीन, तपासलेल्या रोपाचा. आपल्याकडं जानेवारी ते मार्चमध्ये खुंट लावतात, त्याच वेळी खड्ड्यात, मुळाला चिकटून द्या. मूळ नवीन असतं, बुरशीला सगळी जागा मोकळी मिळते आणि पुढं कलम होईपर्यंत सहा-सात महिन्यांत ती चांगली बसते.

लागलेल्या वेलीला द्यायचा तर एकाच हिशेबानं, ही वेल अजून दोन-तीन हंगाम ठेवायची आहे, तेवढ्यात पुढच्या लागवडीचे पैसे निघाले पाहिजेत, तोवर ती बऱ्यापैकी चालावी. बागेत पाच-दहा वेलीच लागलेल्या असतील तर खर्च नको, काढून टाका. अर्धी बाग लागलेली असेल तर एकदम काढणं परवडत नाही, तिथं देण्यात अर्थ आहे, लाल पट्टा मारून.

पायरी पाचवी, माती बघा मग पाकीट घ्या

माती परीक्षणात स्फुरद भरपूर आला तर पैसे वाचवा. जमिनीत स्फुरद जास्त असला की वेल बुरशीला आत घेतच नाही, तिला गरजच नसते, घरात पाणी असताना कोण टँकर बोलावतो. आपल्या जुन्या बागांत वर्षानुवर्षं डीएपी, सुपर फॉस्फेट, ड्रीपमधून फॉस्फरिक ॲसिड गेलेलं असतं, त्यामुळे हे फार वेळा होतं आणि मग लोक म्हणतात मायकोरायझा फसवा आहे. नवीन लागवडीत खड्ड्याच्या तळाला मूठभर डीएपी आणि त्याच्यावर मायकोरायझा, हे तर मी डोळ्यानं बघितलंय.

पाकीट घेताना, खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एका ग्रॅममध्ये कमीत कमी १०० जिवंत प्रोपॅग्युल (बुरशी ज्यातून उगवू शकते असे कण) आणि त्यात निदान ६० स्पोअर (बीजाणू) असायला पाहिजेत. लेबलवर हा आकडा, बनवल्याची तारीख आणि संपायची तारीख बघा. नुसतं "शक्तिशाली मायकोरायझा" आणि द्राक्षाचा फोटो असेल तर परत ठेवा. दुकानात पाकीट उन्हात काचेजवळ ठेवलेलं असेल तरी परत ठेवा.

पायरी सहावी, द्यायचं कसं

एकच नियम, पांढऱ्या मुळाला लागलं पाहिजे. वरून शिंपडून उपयोग नाही, फवारणीत तर अजिबात नाही. उभ्या बागेत जून-जुलैमध्ये, पाऊस लागून बोद (वेलींच्या ओळीखालचा मातीचा उंचवटा) ओला झाला की ड्रीपरच्या खाली चार-सहा बोटं माती हातानं बाजूला करा, बारीक पांढरी मुळं दिसतील, पावडर तिथं घाला आणि माती परत ओढा. प्रमाण पाकिटाप्रमाणे. ड्रीपमधून सोडायचंच असेल तर पाण्यात विरघळणारंच घ्या, मातीच्या किंवा व्हर्मिक्युलाइटच्या बेसवालं सोडलं की फिल्टर धूत बसावं लागतं.

त्याच्या आगेमागे कार्बेन्डाझिमचं ड्रेंचिंग नको, बुरशीनाशक ते, चांगली-वाईट ओळखत नाही. फॉस्फरिक ॲसिडची मोठी मात्राही नको. ट्रायकोडर्मा मी पंधरा दिवस सोडून देतो, ही माझी सवय आहे, नियम म्हणून घेऊ नका.

आणि चार ओळींना दिलं तर दोन ओळी मुद्दाम कोऱ्या सोडा. नाहीतर वर्षअखेरीला फरक मायकोरायझाचा, शेणखताचा की त्या वर्षीच्या पावसाचा, देवालाच माहीत.

पायरी सातवी, बसली का ते बघा

ही पायरी कुणी करत नाही, पण मला यात सगळ्यात मजा आली. माझी भाची बॉटनीला आहे, तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये केलं. अडीच-तीन महिन्यांनी बारीक मुळं आणायची, धुवायची, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची म्हणजे आतला रंग निघून मूळ काचेसारखं होतं (हे घरी गॅसवर नका करू, कातडी जाळतं ते), मग पाण्यात धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून तीन मिनिटं उकळायचं आणि साध्या पाण्यात दोन थेंब व्हिनेगर टाकून जास्तीची शाई उतरू द्यायची. स्लाइडवर ठेवून बघितलं तर मुळाच्या आत निळसर दोऱ्या सरळ धावतायत, मध्ये मध्ये टपोरे गोल, आणि एका पेशीत तर अगदी छोटं झुडूप. भाची म्हणाली, "मामा, हेच ते आर्बस्क्युल, इथंच स्फुरदची देवाणघेवाण होते." कोऱ्या ओळीतल्या मुळांतही थोडं दिसलं, मातीत मुळातच असते ही बुरशी. म्हणून तर कोऱ्या ओळी लागतात.

नंतरची देखभाल

फार काही नाही. बोद सारखा खणू नका, धागे तुटतात. उघडा ठेवू नका, पाचट टाका. ओळींच्या मध्ये ताग, धैंचा, ज्वारी, मका असलं काही असेल तर बुरशी त्यांच्या मुळावर पण जगते. मोहरी, कोबी, राजगिरा यांच्या मुळावर ही बसत नाही, ते टाळा. लाल पट्ट्याच्या वेलीवर माल निम्मा धरा, तिच्याकडून निरोगी वेलीएवढे घड मागितले की ब्रिक्स चढतच नाही आणि मायकोरायझाला शिव्या पडतात.

वेल काढायची वेळ आली की नुसती खोडापासून कापू नका. जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांत व्हायरस बराच काळ टिकतो आणि त्या मुळांवर मिलीबग पण राहतो, म्हणून खोदून जेवढी निघतील तेवढी मुळं काढायची, बाहेर नेऊन जाळायची, आणि लगेच तिथं नवीन रोप लावायचं नाही. आम्ही मागच्या हंगामात त्या तीन आणि ती बावीस, सगळ्या पंचवीस काढल्या, जेसीबी लावावा लागला. त्या पट्ट्यात सध्या ज्वारी पेरलीये, बुरशी तिच्या मुळावर टिकेल आणि मागं राहिलेलं द्राक्षाचं मूळ फुटलं तर लगेच दिसेल असा माझा हिशेब. मामाचा हिशेब वेगळा आहे, परवा फोन होता, हुरड्याला कधी येताय.